व्यापाऱ्यांनी स्वतःला घालून घेतलेली अट

‘काउन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस’ या मुंबईतल्या संस्थेचा जन्म टंचाईत झाला, हे आधी सांगितले पाहिजे. भरल्या बाजारात सचोटीचे वचन देणे सोपे असते, रिकाम्या बाजारात ते देणे अवघड. 1965-66 साली पावसाने दगा दिला आणि देशाचे अन्नधान्याचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे 8.9 कोटी टनांवरून 7.2 कोटी टनांवर घसरले. पी. एल. 480 कराराखाली अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर शहरांतली रेशनची दुकाने चालत होती. सप्टेंबर 1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध होऊन गेले होते. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. चाळीतल्या घरात या सगळ्याचा अर्थ अगदी साधा होता. साखर, रॉकेल, गोडेतेल, तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर यांतले काय मिळेल, कुठे मिळेल आणि काय भावाने मिळेल, हे दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून होते. ‘माल संपला’ असे त्याने म्हटले की तो खरोखरच संपला आहे की मागच्या खोलीत थप्पी लावून ठेवला आहे, हे कळायला गिऱ्हाइकाजवळ काही साधन नव्हते.

अशा वर्षी, 1966 मध्ये, मुंबईतले काही उद्योगपती आणि व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी ‘फेअर ट्रेड प्रॅक्टिसेस असोसिएशन’ ही संस्था काढली. पुढे तिचे नाव ‘काउन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस’ असे झाले आणि सीएफबीपी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाऊ लागली. स्थापनेत पुढाकार घेणाऱ्यांमध्ये जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज, अरविंद मफतलाल आणि फोर्टातल्या नावाजलेल्या ‘अकबरअलीज’ दुकानाचे एफ. टी. खोराकीवाला अशी मंडळी होती. कोणी पोलाद काढणारा, कोणी गिरणीमालक, कोणी थेट काउंटरवर माल विकणारा. यांचे चेंबर आणि महासंघ होतेच. कर कमी करा, परवाने द्या, नियंत्रणे सैल करा, अशी निवेदने त्या व्यासपीठांवरून सरकारकडे जात. नवी संस्था सरकारकडे काही मागण्यासाठी नव्हती. सभासदाने आपण कसे वागू हे आधी लिहून द्यायचे आणि मग सभासद व्हायचे, अशी तिची कल्पना होती.

कल्पना आकाशातून पडली नाही. महात्मा गांधींचा विश्वस्तपणाचा विचार त्या पिढीच्या कानावरून गेलेला होता. 1965 मध्ये दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर एक परिसंवाद झाला. उद्योगाचे उत्तरदायित्व फक्त भागधारकांपुरते नाही; कामगार, ग्राहक आणि भोवतालचा समाज यांनाही त्याने जबाब दिला पाहिजे, अशा आशयाचे निवेदन त्यातून निघाले. दुसऱ्या बाजूला उद्योगांविषयी लोकांच्या मनात अविश्वास साचत होता आणि त्याला कारणे होती. दालमिया-जैन समूहातल्या कंपन्यांच्या कारभारावरचा न्या. व्हिव्हियन बोस आयोगाचा अहवाल 1963 मध्ये लोकांसमोर आला होता. 1964 मध्ये संथानम समितीने भ्रष्टाचाराबरोबरच साठेबाजी, भेसळ आणि नफेखोरी यांच्याकडेही बोट दाखवले होते. असे सामाजिक आणि आर्थिक गुन्हे भारतीय दंड संहितेत घालावेत काय, या प्रश्नावर विधी आयोगाचा 29 वा अहवाल आला तोही 1966 मध्येच. एका हाताला फौजदारी कायद्याची चर्चा आणि दुसऱ्या हाताला स्वेच्छेची आचारसंहिता, अशा पेचात ही संस्था जन्मली.

तेव्हा हेतू कोणता होता? कडक कायदा येऊ नये म्हणून उभी केलेली ही ढाल होती, असे कोणी म्हटले तर ते अगदीच निराधार ठरणार नाही. अत्यावश्यक वस्तू कायदा 1955 पासून होता, मक्तेदारीविरोधी कायद्याची तयारी चालू होती आणि खाजगी उद्योगाला आपले नाव राखायचे होते. पण हेतू मिश्र असला म्हणून काम खोटे ठरत नाही. स्वतःच्या प्रतिष्ठेची काळजी आणि गिऱ्हाइकाची काळजी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात. महत्त्वाचे हे की या मंडळींनी जे लिहून दिले ते मोघम नव्हते, आणि म्हणूनच ते त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येण्याजोगे होते.

रामकृष्ण बजाज यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण संस्थेच्या स्वभावावर त्यांचा ठसा मोठा आहे. ते वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे धाकटे चिरंजीव, जन्म 1923 चा. ज्या घरात गांधीजी, विनोबा यांचे येणेजाणे, त्या घरात वाढलेले. तरुणपणीच स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. व्यापारी असूनही खादी, आश्रम आणि रचनात्मक काम यांत जमनालालजींनी स्वतःला वाहून घेतले होते. पैसा मिळवावा पण तो आपला मानू नये, ही शिकवण या मुलाला पुस्तकातून मिळालेली नव्हती. आणीबाणीत दिल्लीच्या विश्व युवक केंद्रावर सरकारने हात टाकला तेव्हा रामकृष्णजींनी विरोध केला आणि त्याची किंमतही मोजली. असा माणूस संस्थेच्या मुळाशी असल्यामुळे तिची भाषा परोपकाराची झाली नाही. गरिबांना काय देऊ, हे तिच्या संहितेत मध्यवर्ती नाही. गल्ल्यावर बसल्यावर कसे वागू, हे मध्यवर्ती आहे.

ही संहिता सावकाश वाचण्यासारखी आहे. तिच्या कलमाकलमांतून त्या काळचा बाजार दिसतो. वाजवी भाव घेऊ, आणि भाव गिऱ्हाइकाच्या नजरेस येईल अशी शक्य ती सर्व व्यवस्था करू, असे वचन तिच्या प्रारंभी आहे. आज हे किरकोळ वाटेल. त्या वेळी बहुतेक मालावर किंमत छापलेली नसे. भाव विचारायचा, घासाघीस करायची आणि शेजारणीने काय दिले ते घरी आल्यावर कळायचे, अशी रीत होती. त्यात नुकतीच मापे बदललेली. 1957 मध्ये नवे पैसे आले, 1962 पर्यंत शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. जुना पक्का शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. किलोचा भाव घेऊन शेरभर माल दिला तरी जुन्या हिशेबात वाढलेल्या आजीला फरक चटकन उमगत नसे. म्हणून वजनमापे बिनचूक ठेवू, हे वेगळे कलम. मापात पाप ही तक्रार आपल्याकडे फार जुनी, पण मापेच बदलत असताना दांडी मारणे कधी नव्हे इतके सोपे झाले होते.

टंचाईच्या दिवसांत साठेबाजी करण्यासाठी माल दडवणार नाही, हे पुढचे वचन. मला हे संहितेतले सर्वांत धाडसी वाक्य वाटते. भाव चढणार हे ठाऊक असताना पोते आज न विकता महिन्याने विकणे, यात रूढ अर्थाने कोणाची फसवणूक नसते. व्यापाराच्या अनेक जाणत्यांच्या लेखी ती हुशारीच असते. तरीही तेवढ्या नफ्यावर आपणहून पाणी सोडायचे, असे हे कलम सांगते. त्या वर्षी बिहारमध्ये दुष्काळ होता. संस्थापकांपैकी अरविंद मफतलाल तिथल्या मदतकार्यात उतरले आणि त्यातून पुढे 1968 मध्ये सद्गुरू सेवा संघ उभा राहिला. रिकाम्या कोठारांचा अर्थ काय होतो हे या मंडळीतल्या काहींनी जवळून पाहिले होते.

भेसळ करणार नाही आणि बनावट किंवा ठरल्या दर्जाहून हलका माल काढणार वा विकणार नाही, ही कलमे तर थेट जिवाशी भिडणारी. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. कायदा होता, पण मिरचीपुडीत विटांचा चुरा, हळदीत घातक पिवळा रंग, तुपात वनस्पती आणि बेसनात लाखोळीच्या डाळीचे पीठ हे प्रकार चालूच होते. लाखोळी विदर्भाच्या पूर्व भागात पिकते. तीच डाळ दिवसेंदिवस, प्रमाणाबाहेर पोटात गेली की पायांतली शक्ती जाते, माणूस कायमचा पांगळा होतो. म्हणून 1961 पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. भेसळ म्हणजे केवळ पैशाची लूट नव्हे, हे या एका डाळीवरून कळते. निरीक्षक वर्षातून एखाद वेळ येणार. उरलेले दिवस मालाची शुद्धता दुकानदाराच्या मनावर. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे स्वेच्छेच्या वचनाला जागा असते, ती ही अशी.

आयात-निर्यातीच्या मालाची बिले खऱ्या किमतीचीच करू, असेही एक कलम आहे. ग्राहकाशी याचा काय संबंध, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. परकी चलनाची तेव्हा विलक्षण ओढ होती. निर्यातीचे बिल कमी दाखवायचे, आयातीचे जास्त दाखवायचे आणि मधला फरक परदेशात ठेवायचा, ही दोन नंबरची वाट ठाऊक नव्हती असा मोठा व्यापारी विरळा. त्यातून देशाची तिजोरी गळत होती आणि त्या गळतीचा भार शेवटी रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसावरच पडत होता. तीच गोष्ट तस्करीच्या मालाची. जाणूनबुजून चोरट्या आयातीचा माल विकणार नाही, हे वचन मुंबईत लिहिले गेले याला अर्थ आहे. 1963 पासून सुवर्ण नियंत्रण लागू होते, किनाऱ्यावर रात्री सोने उतरत होते. घड्याळे, ट्रान्झिस्टर आणि नायलॉनचे कापड गल्लीबोळांत मिळत होते. विदेशी घड्याळ हाताला असणे हा मान समजला जाई, आणि घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगे वाटत नसे. या कलमाने दुकानदाराला आपल्याच गिऱ्हाइकाच्या हौसेला नकार द्यायला सांगितले.

फसव्या जाहिराती न करणे, विक्रीनंतरची सेवा देणे, हमीपत्र सोप्या, नेमक्या आणि दुहेरी अर्थ न निघणाऱ्या भाषेत लिहिणे आणि त्यात ग्राहकाचे हक्क ठळक करणे, ही कलमेही आहेत. सुरक्षितता, निवड, माहिती आणि आपले म्हणणे ऐकले जाणे हे ग्राहकाचे चार हक्क मानण्याचे वचन आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 15 मार्च 1962 च्या संदेशात मांडलेले ते हेच चार. समाजाविषयीची जबाबदारी आणि पर्यावरणाचे रक्षण यांचाही संहितेत समावेश आहे.

या वचनांची खरी कसोटी जिथे लागली असेल ते क्षेत्र म्हणजे स्कूटर. रामकृष्ण बजाजांच्याच घराण्यातल्या बजाज ऑटोने 1960 च्या सुमारास देशात स्कूटर बनवायला सुरुवात केली, पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवी, किमतीवर सरकारचे लक्ष असे आणि मागणी मात्र अमाप. नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे थांबत. गाडी हाती आली की तीच बाजारात ‘ऑन’ने जास्त किमतीला जाई. म्हणजे कंपनीने एक पैसा जादा घेतला नाही तरी गिऱ्हाइकाला जादा पैसे मोजावे लागतच होते. एका कारखान्याची सचोटी संपूर्ण बाजाराची सचोटी होऊ शकत नाही, हे यातून दिसते. तरीही एक गोष्ट मानली पाहिजे. ज्या काळात माल कसाही असला तरी खपणारच होता, गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीतीच नव्हती, त्या काळात विक्रीनंतरच्या सेवेचे आणि तक्रार ऐकण्याचे वचन देण्यात व्यापारी फायदा कोणताच नव्हता.

संस्थेचे रोजचे काम या मानाने साधे राहिले. फोर्टात, शहीद भगतसिंग रोडवरच्या ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगमध्ये तिचे कार्यालय. ग्राहकाची तक्रार येते, संस्था ती संबंधित कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. दंड करण्याचा किंवा माल जप्त करण्याचा अधिकार तिला नाही. जो काही जोर आहे तो इतकाच की पत्र त्यांच्याच बिरादरीकडून आलेले असते. मुंबईपाठोपाठ इतर मोठ्या शहरांतही शाखा निघाल्या. कंपनीच्या तक्रार विभागात अनुत्तरित पडलेल्या पत्राला वरच्या मजल्यावरून उत्तर यावे, एवढी मध्यस्थीही सामान्य माणसासाठी मोलाची असते.

संस्थेचा इतिहास तिच्या समोरच्या बाजूशिवाय पुरा होत नाही. 1966 मध्येच, याच मुंबईत, नऊ महिलांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. लीला जोग यांनी तिच्यासाठी खपून काम केले. वस्तूंची प्रयोगशाळेत तपासणी करून निष्कर्ष ‘कीमत’ या नियतकालिकात छापणे, हे त्या संस्थेचे हत्यार. विकणाऱ्यांची संस्था आणि विकत घेणाऱ्यांची संस्था एकाच शहरात एकाच वर्षी जन्मल्या हा योगायोग नव्हे. दोघींनाही जाग आणणारी परिस्थिती एकच होती. पुढे बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, तिच्या उभारणीत गायक-संगीतकार सुधीर फडके होते. पंचायतीचा मार्ग वेगळाच होता. शेजारपाजारची कुटुंबे जोडून संघ केले, महिन्याचा किराणा एकत्र घेतला आणि आपसांत वाटला. मराठी मध्यमवर्गाने शोधलेला हा मार्ग मला फार थोर वाटतो. आणि खरे सांगायचे तर, व्यापाऱ्यांच्या संहितेला धार आली असेल तर ती अशा जागत्या ग्राहकांमुळे. वचन देणारा आणि वचनाची आठवण करून देणारा असे दोघे असले तरच वचन टिकते.

कायदा मागून आला. मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार पद्धतींचा कायदा 1969 मध्ये झाला, पण त्यात सुरुवातीला ग्राहकाच्या फसवणुकीविषयी फारसे नव्हते. सच्चर समितीने 1978 मध्ये ही उणीव दाखवली आणि 1984 च्या दुरुस्तीने फसव्या जाहिराती, खोटी आमिषे यांसारख्या अनुचित व्यापार प्रथा कायद्याच्या कक्षेत आल्या. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, महिना आणि किंमत छापण्याची सक्ती 1977 च्या नियमांनी केली. तरी ‘स्थानिक कर वेगळे’ या शब्दांआड दुकानदार मनाला येईल ते घेई. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम 1990 मध्ये आला आणि एमआरपी हा शब्द घराघरांत गेला. 24 डिसेंबर 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर साध्या माणसाला वकिलाशिवाय दाद मागण्याची सोय करून दिली. 1966 ची संहिता शेजारी ठेवून हे कायदे वाचावेत. किंमत दिसावी, वजन खरे असावे, जाहिरात खोटी नसावी, हे एकेक कलम हळूहळू सक्तीचे होत गेलेले दिसेल. संहितेमुळेच कायदे झाले असा दावा मी करणार नाही. मात्र ‘हे व्यवहारात शक्यच नाही’ असे म्हणण्याची सोय व्यापारी जगताला उरली नाही, कारण त्यांच्यातल्याच मोठ्या मंडळींनी ते शक्य असल्याचे आधीच लिहून दिलेले होते.

स्वेच्छेतून सक्तीकडे जाण्याचे आणखी स्पष्ट उदाहरण जाहिरात क्षेत्रात आहे. 1985 मध्ये मुंबईत जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमे यांनी मिळून ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया’ काढली, तीही पूर्णपणे स्वेच्छेची. 2006 मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन त्या काउन्सिलच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवायला मनाई झाली. उद्योगाने स्वतःसाठी लिहिलेला नियम देशाचा नियम झाला.

पण स्वतः लिहिलेल्या नियमाचे पालन स्वतःच तपासायचे का? संस्थापकांपैकी जे. आर. डी. टाटांनी याचे एक उत्तर आपल्या कंपनीपुरते देऊन दाखवले, आणि ते उत्तर या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. टाटा स्टीलने 1970 मध्ये आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार, भागधारक आणि स्थानिक समाज यांच्याविषयीची सामाजिक आणि नैतिक जबाबदारी लिहून घेतली. त्यानंतर 1979 मध्ये, ही जबाबदारी कंपनीने खरोखर पाळली का हे पाहण्यासाठी त्यांनी बाहेरची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल अध्यक्ष, सोबत राजकीय विचारवंत रजनी कोठारी आणि अहमदाबादचे पुरुषोत्तम गणेश मावळणकर. यांतला कोणीही कंपनीचा मिंधा नव्हता. 1980 मध्ये अहवाल आला. देशातले हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण मानले जाते. पैशाचा हिशेब तपासायला बाहेरचा लेखापाल लागतो हे सगळ्यांना मान्य असते. वागणुकीचा हिशेब तपासायलाही बाहेरचा माणूस लागतो, हे फार थोड्या कंपन्यांनी मानले. हा पायंडा सर्वत्र पडला असता तर स्वेच्छेच्या वचनांविषयीची निम्मी शंका मिटली असती. तो पडला नाही, याची रुखरुख वाटते.

आणि मग 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र आली. भोपाळमध्ये कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ती त्या कंपनीची गिऱ्हाइके नव्हती. ती कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहत होती, एवढेच. उचित व्यवहाराची बहुतेक चर्चा तोवर विकणारा आणि घेणारा या दोघांभोवती फिरत होती. ज्याने काही विकत घेतले नाही, ज्याला काही विचारले गेले नाही, तो तिसरा माणूस भोपाळने समोर आणला. जगभरच्या रासायनिक उद्योगाला त्यानंतर स्वतःची सुरक्षा संहिता करावी लागली. कॅनडात 1985 मध्ये सुरू झालेली ‘रिस्पॉन्सिबल केअर’ ही त्यातली अग्रगण्य. सीएफबीपीच्या संहितेतले समाज आणि पर्यावरणाविषयीचे कलम वाचताना माझ्या डोळ्यांसमोर भोपाळच येते. ते कलम इतर कलमांच्या मानाने मोघम आहे. किलोला किती ग्रॅम असावेत हे जितक्या नेमकेपणाने सांगता येते, तितक्या नेमकेपणाने शेजारच्या वस्तीच्या सुरक्षिततेची हमी लिहिणे अजून बाकी आहे.

1980 च्या दशकाअखेरीस संस्थेने जमनालाल बजाजांच्या नावाने उचित व्यवहारासाठी पुरस्कार सुरू केले. उत्पादक, व्यापारी आणि सेवा पुरवणारे यांच्यासाठी ते आहेत, आणि लहान उद्योगांचाही त्यांत विचार होतो, हे मला विशेष वाटते. सचोटीची शाबासकी बहुधा मोठ्या नावांनाच मिळते. 1991 नंतर परवाने गेले, प्रतीक्षा यादी गेली, दुकाने मालाने भरली. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली की संहितेचे काम संपेल, असे काहींना वाटले. तसे झाले नाही. माल मुबलक झाला, पण विमा, कर्ज, मोबाइल, घर यांच्या करारांची पाने वाढली आणि अक्षर बारीक झाले.

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 ने नवे वळण आणले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा, असा हा नियम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाला. त्यातून शाळा बांधल्या गेल्या, तलावांचा गाळ निघाला, दवाखान्यांना यंत्रे मिळाली. हे काम मोलाचे आहे आणि ते थांबू नये. पण त्याबरोबर एक गैरसमज रुजला. जबाबदारी म्हणजे नफ्यातून बाजूला काढायचा 2 टक्क्यांचा वाटा, असे लोक समजू लागले, कंपन्याही तसे बोलू लागल्या. उरलेले 98 टक्के कसे मिळवले, हा प्रश्न मागे पडला. 1966 च्या मंडळींनी विचारला होता तो नेमका हाच प्रश्न. माल दडवून, माप मारून, खोटी जाहिरात करून मिळवलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधणारे शेठ त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि म्हणूनच त्यांच्या संहितेने देणगीऐवजी विक्रीच्या व्यवहारावर बोट ठेवले. सरकारनेही ही बाजू अगदी सोडलेली नाही. 2011 मध्ये केंद्र सरकारने उद्योगांसाठी स्वेच्छेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ग्राहकाशी जबाबदारीने वागण्याचे तत्त्व होते. पुढे सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून आपल्या वागणुकीचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले.

आता दुकान फोनच्या पडद्यावर आले आहे. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आले, आणि फसव्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. 30 नोव्हेंबर 2023 रोजी प्राधिकरणाने पडद्यावरच्या फसवणुकीच्या 13 प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर हळूच शुल्क वाढवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, भरपूर माल असताना ‘फक्त दोनच शिल्लक’ दाखवून घाई करणे, वर्गणी घेताना एक बटण आणि थांबवताना दहा पाने ठेवणे. भाव गिऱ्हाइकाच्या नजरेस आणण्याचे सीएफबीपीच्या संहितेतले कलम यातल्या पहिल्या प्रकाराला शब्दशः लागू पडते. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना सांगितले की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करा आणि असे प्रकार आपल्याकडे नाहीत असे जाहीर करा. पुन्हा स्वेच्छा, पुन्हा स्वतःचे प्रमाणपत्र. साठ वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या सीएफबीपीने इथे पुढे यावे. कंपन्यांची ही घोषणापत्रे मागवून घ्यावीत, ती बाहेरच्या, कोणाच्याही मिंध्या नसलेल्या माणसांकडून तपासून घ्यावीत, आणि त्या तपासणीच्या टेबलाशी मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांच्या कार्यकर्त्यांना शेजारी बसवून घ्यावे.